वाव

संपादकांचा फोन गणपती बसायच्या आठवड्यात आला. विषय त्यांनीच काढला: काहीच कळेनासं झालं असताना ख्रिस्ती माणूस देवावर भरवसा कसा ठेवतो, आणि वर त्याची स्तुती तरी कशी करतो? अटी दोन. हिब्रू नको, आणि 'मी' वापरून लिहा, वाचकाला जवळचं वाटतं. पहिली अट मोडली जाणार हे दोघांनाही ठाऊक होतं. दुसरीबद्दल मात्र माफी मागायला हवी. तीस वर्षं स्तोत्रसंहिता शिकवण्यात गेली. प्रबंधात 'मी' दिसला की लाल रेघ ओढायची, आधी स्वतःच्या आणि मग विद्यार्थ्यांच्या. तेव्हा या लेखात जो कोणी बोलतो आहे, तो 'प्रस्तुत लेखक'.

हे गृहस्थ निवृत्तीनंतर भिवंडीत राहतात. खिडकीखाली यंत्रमागांचा कारखाना आहे. वीज गेली की माग थांबतात आणि शांततेनेच झोपमोड होते.

गेल्या नाताळाच्या आधी जवळच्याच एका घरात प्रार्थना होती. घरचा कर्ता माणूस जॉबर होता. रात्रपाळी संपवून येताना रस्त्यातच गेला. त्याला महिना झाला म्हणून मंडळी जमली होती. पाळकसाहेबांनी 'उपासना संगीत' उघडून स्तुतीच्या गीताचा क्रमांक सांगितला, पेटी सुरू झाली, आणि स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको म्हणाली, "सर, आज स्तुतीचं नको. मला काही कळतच नाहीये. चालेल का?"

प्रश्न पाळकसाहेबांना नव्हता, 'सरां'ना होता. प्रस्तुत लेखकाने उत्तर दिलं. वीस मिनिटं दिलं. बशीतला चहा निवला. ताईंनी पदर सावरून सगळं ऐकलं, शेवटी कप गोळा केले आणि आत विसळायला गेल्या. त्या वीस मिनिटांत एकही चूक नव्हती. तरी ती वीस मिनिटं वर्षभर खुपताहेत.

तेव्हा काय सांगितलं, ते आता जरा नीट.

स्तोत्रसंहितेचं हिब्रू नाव 'तेहिल्लीम', म्हणजे स्तवनं. दीडशे रचनांच्या ग्रंथावर स्तुतीची पाटी लावली आहे, पण आत शिरलं की तिसऱ्या हिश्शाहून अधिक रचना गाऱ्हाण्यांच्या निघतात. आजार, खोटे आळ, शत्रूचा वेढा, मित्रांनी फिरवलेली पाठ, आणि या सगळ्यात देव गप्प. जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला स्तोत्रांचे प्रकार पाडले, तेव्हा सर्वांत भरलेला कप्पा हाच ठरला. गाऱ्हाण्याचा साचाही ठरलेला असतो: आधी हाक, मग तक्रार, मग मागणं, भरवशाचा उच्चार आणि शेवटी स्तुतीचा नवस. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे देवळात गाऱ्हाणं घालतात, ते देवाला सुनावण्यासाठी असतं आणि विनवण्यासाठीही. मागची माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात म्हणून ते एकट्याचं राहत नाही.

हे ठाऊक नसल्यामुळे दोन्हीकडून गैरसमज होतात. शेजारपाजारी समजतात की ख्रिस्ती उपासना म्हणजे टाळ्या आणि हालेलुया. स्वकीय समजतात की रडणं हा विश्वासातला कच्चेपणा आहे. डोळे सुजलेल्या माणसाला दारातच 'प्रभूची स्तुती असो' म्हणून गाठायचं, आणि त्यानेही तसंच उलट म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही, ही रीत या लेखकाने पुष्कळ घरांत पाहिली आहे. तिच्या मागे वाईट हेतू नसतो. भीती असते. एकाने 'का' विचारलं तर सगळेच विचारतील, ही भीती.

'हालेलुया'चं व्याकरणही कोणी पाहत नाही. ते आज्ञार्थी रूप आहे आणि अनेकवचनी आहे: तुम्ही सगळे याहची, म्हणजे देवाची, स्तुती करा. एकट्या माणसाने स्वतःच्या छातीवर बंदूक रोखून म्हणायचा तो शब्द नव्हे.

आता अभ्यासकांमधला एक वाद. संपादकांनी इथे पान उलटलं तरी चालेल.

तेरावं स्तोत्र घ्या. मराठीत सहाच वचनं. (हिब्रूत शीर्षकासकट मोजतात, म्हणून क्रमांक सरकतात, पण ते राहू द्या.) पहिल्या दोन वचनांत 'कुठवर' हा एकच प्रश्न चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे: उत्तर दे, नाहीतर मरण येईल आणि शत्रू हसेल. पाचव्यात एकदम भरवसा आणि आनंद, सहाव्यात गाणं. चौथ्या आणि पाचव्याच्या मधे काय झालं? आजार बरा झाला? शत्रू मेला? संहितेत एक अक्षर नाही. नुसती कोरी जागा.

योआखिम बेग्रिख यांनी १९३४ साली या जागेत एक याजक आणून उभा केला. त्यांचं म्हणणं असं: माणूस मंदिरात गाऱ्हाणं मांडायचा, मग याजक देवाच्या नावाने 'भिऊ नकोस' असा कौल द्यायचा, आणि तो ऐकून माणसाचा सूर बदलायचा. कौल याजकाच्या तोंडी असे, म्हणून स्तोत्रात लिहिला गेला नाही. यशयाच्या पुस्तकात चाळिसाव्या अध्यायापासून पुढे अशा कौलांचा घाट सापडतो, हा त्यांचा आधार. दुसरा दाखला हन्नाचा देतात. मूल नाही म्हणून ती मंदिरात ओठ हलवत रडत होती. एली याजकाला वाटलं, बाई प्यायलेली आहे, आणि त्याने तिला झापलं. तिने खरं सांगितल्यावर म्हणाला, शांतीने जा. ती गेली, जेवली आणि तिचा चेहरा पूर्वीसारखा राहिला नाही. मूल व्हायला अजून अवकाश होता.

सिद्धान्त देखणा आहे. प्रस्तुत लेखकाने तो बरीच वर्षं शिकवला आणि नंतर सोडला. सोडण्याचं कारण चाळिसावं स्तोत्र. त्यात आधी सुटकेचं गाणं आहे आणि मग गाऱ्हाणं. सत्ताविसाव्यातही आधी निर्धास्त भरवसा आणि मग घाबरी विनवणी. कौल मिळून सूर पालटत असेल, तर या माणसांचा सूर उलटा का गेला? फिलिपिन्सचे अभ्यासक फेदेरिको व्हिल्यानुएवा यांनी २००८ साली नेमक्या अशा स्तोत्रांवर पुस्तक लिहिलं. स्तुतीनंतरही अनिश्चितता परत येते, हा त्यांचा मुद्दा. युरोपातल्या ग्रंथालयांना जे चटकन दिसलं नाही ते वादळं, पूर आणि भूकंप रोजच्या ओळखीचे असलेल्या देशातल्या माणसाला दिसलं, यात या लेखकाला नवल वाटत नाही.

आणि अठ्ठ्याऐंशीवं? त्यात वळणच नाही. सुरुवातीला देवाला हाक, मग खाली खाली उतरत जाणारं दुःख, आणि हिब्रूत शेवटचा शब्द 'अंधार'. तिथेच संपतं. कोणा संपादकाला शेवटी दोन उजळ ओळी जोडायचा मोह झाला असेल, तर त्याने तो आवरला. तेहिल्लीम या पाटीखाली तेही ठेवलं.

मग तेराव्यातलं ते वळण कशाने होतं? पाचवं वचन 'वाव' या अक्षराने सुरू होतं. वाव म्हणजे आकडी, खुंटी. वाक्याच्या आरंभी जोडलं की अर्थ 'आणि' किंवा 'पण'. त्याच्या पुढे 'मी'. मराठीत हे काम 'तर' करतो: मी तर. हा 'तर' कारण देत नाही आणि आधीचं खोडतही नाही. चारही 'कुठवर' जागच्या जागी राहतात आणि त्यांच्या शेजारी माणूस उभा राहतो. हिब्रू वावचं आणि मराठी वावचं काही नातं नाही, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पत्र पाठवण्याआधीच कबूल करतो. तरी आपल्या भाषेत वाव म्हणजे जागा, ही गोष्ट शिकवताना फार उपयोगी पडली आहे.

'कुठवर'च्या शेजारी अशा उभ्या राहिलेल्या माणसांची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. भिवंडी रोड स्थानकातून वसईकडे गाडी पकडली की तासाभरात सोपारा गाठता येतो. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचा सोबती, जॉर्डन नावाचा फ्रेंच डॉमिनिकन, त्या वेळी बरोबर नव्हता म्हणून वाचला. त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि या किनाऱ्यावर एकटा राहिला. त्याची दोन पत्रं टिकली आहेत. दुसऱ्यात समुद्री चाचे, कैद, शिव्याशाप, उपासमार, आजार आणि अंगावर उरलेला फक्त सदरा, अशी सगळी यादी आहे. साधूच्या पत्रात अपेक्षित असलेला शांत चेहरा तिथे नाही. काम मात्र त्याने सोडलं नाही. १३२९ साली तो कोल्लमचा बिशप नेमला गेला.

पंडिता रमाबाईंचा आपण पुतळा करून मोकळे झालो. १८७४ साली आईवडील गेले, पाठोपाठ मोठी बहीण. १८८० साली भाऊ, १८८२ साली पटकीने नवरा. पदरी लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला तो सगळ्या शंका मिटल्यावर नव्हे. त्यानंतरच्या पत्रांत त्या त्रैक्यावरून आणि चर्चच्या अधिकारावरून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी कडाडून भांडतात. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं पुढे त्यांनीच मागे वळून लिहिलं. ही उणीव भरून निघायला आठ वर्षं लागली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या एकीकडे दुष्काळातून आणलेल्या मुलींना सांभाळत होत्या, दुसरीकडे मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. छपाईही तिथल्याच बायका करत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. त्या नऊ महिन्यांत ही बाई स्तोत्रांच्या मजकुरावर नजर फिरवताना कुठे थांबली असेल, हा विचार प्रस्तुत लेखकाला अनेकदा पडतो. अभ्यासकाने असं काही विचारू नये.

लक्ष्मीबाई टिळकांची तऱ्हा वेगळी. फेब्रुवारी १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. त्या स्वतः १९०० साली ख्रिस्ती झाल्या. मधल्या वर्षांतली ससेहोलपट 'स्मृतिचित्रे'त आहे, पण वाचक हसतो जास्त. देवाशी आणि नवऱ्याशी एकाच सुरात बोलणारी ती बाई 'माझा विश्वास अढळ होता' असा आव कुठेही आणत नाही. टिळक स्वतः तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणत. तुकोबा काय, नामदेव काय, जनाबाई काय, विठ्ठलाशी भांडायला कोणी कमी केलं नाही. पुलावरून येताना टिळकांनी अभंग आणले, भजन आणलं, ते आजही 'उपासना संगीता'त आहे. भांडण मात्र आपण, त्यांच्या नंतरच्यांनी, पुलापलीकडेच ठेवलं, अशी या लेखकाची जुनी तक्रार आहे. मंडळीत बोलून दाखवली की लोक मान डोलावतात आणि पुढच्या रविवारी तीच सहा आनंदी गीतं गातात.

एक गोष्ट सांगायची राहिली. संपादकांना असंच काहीतरी हवं असणार.

काही वर्षांपूर्वी पत्नीच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. अकरा दिवस लागले. एका रुग्णालयाच्या बाकावर बसून तेरावं स्तोत्र म्हणायला घेतलं. पाठ होतं, मुळातूनही पाठ होतं. चौथ्या वचनाशी आवाज थांबला. वाव समोर होता, त्यावर एका परिषदेत निबंधही वाचलेला होता, आणि तोंडातून शब्द येईना. शेजारी बसलेली पत्नी, जिचा रिपोर्ट होता ती, उरलेली दोन वचनं मराठीत म्हणाली आणि पर्समधून सुपारी काढून दिली. गाठ साधी निघाली. निघाली नसती तर हा परिच्छेद कसा लिहिला असता, ते सांगता येत नाही.

हालेलुयाचं अनेकवचन त्या बाकावर कळलं असं म्हणायला छान वाटेल. पण कळलं असतं, तर पुढे त्या ताईंच्या घरी वीस मिनिटं व्याख्यान झालं नसतं. 'चालेल,' एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही बसा, आम्ही म्हणतो. किंवा, आज आम्हीही म्हणत नाही. एली याजकाला निदान आपली चूक लगेच उमगली होती.

त्या ताई आता शिवणकाम करतात. मोठा मुलगा गोदामात कामाला लागला आहे. रविवारी त्या मंडळीत येतात, मागच्या बाकावर बसतात. गीतं सुरू झाली की कधी गातात, कधी पुस्तक मिटून ठेवतात. त्यांना कोणी हटकत नाही. यात प्रस्तुत लेखकाच्या व्याख्यानाचा वाटा नाही. हटकणाऱ्या एका वडीलधाऱ्याला पाळकसाहेबांनी बाजूला घेऊन समजावलं होतं.

हा लेख अर्धा झाला असताना त्यांचा फोन आला.

"सर, ते तुम्ही त्या दिवशी सांगितलेलं. अंधारावर संपणारं. त्याचा नंबर काय हो?"

"अठ्ठ्याऐंशी."

"माझ्या विहीणबाईंना वसईला सांगायचंय. त्यांच्याकडे गेल्या आठवड्यात…" पुढचं मागांच्या आवाजात ऐकू आलं नाही.

"वसईला? म्हणजे कॅथलिक. मग त्यांचं पुस्तक जुनं असेल तर सत्त्याऐंशी बघायला सांगा. त्याचं असंय, की ग्रीक भाषांतरात नववं आणि दहावं स्तोत्र जोडून एकच धरलंय, तिथून लॅटिनमध्ये…"

"थांबा सर," ताई म्हणाल्या. "कॅलेंडरवर दोन्ही लिहून घेते."