माटुंग्याची इडली आणि बरोबरीचे टेबल

मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनातून सकाळी पूर्वेला उतरा. मोगऱ्याचे गजरे, केळीच्या पानांचे भारे, कढीपत्त्याच्या जुड्या आणि त्यातून वाट काढत येणारा कॉफीचा वास. दक्षिणेकडची माणसे नोकरीसाठी मुंबईत आली, माटुंग्यात राहिली आणि त्यांच्यामागोमाग उडुपीकडची हॉटेलेही आली. रामाश्रय १९३९ सालचे, कॅफे मद्रास १९४० चे, रामा नायकांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. ही नावे आजही माटुंग्यात टिकून आहेत.

आम्ही नायगावच्या चाळीतली मुले. वडील गिरणीत. पगारानंतरचा रविवार उजाडला की आम्हां भावंडांचे डोळे बाबांच्या चपलांकडे. त्यांनी चपला घातल्या की आम्ही निघालोच! बसचे पैसे वाचवायचे म्हणून दादरवरून, हिंदू कॉलनीतून चालत जायचे. वाटेत राजगृह लागे. तिथे बाबा थांबत, हात जोडत आणि आम्हांलाही जोडायला लावत. मग पुढे माटुंगा.

हॉटेलात जागा मिळेल तिथे बसायचे. समोर अनोळखी माणूस, कोणी कारकून, कोणी हमाल, कोणी लुंगी नेसलेले आजोबा. पोऱ्या स्टीलचे पेले आदळून जाई आणि पाठोपाठ इडली येई. पांढरीशुभ्र, वाफाळलेली, बोटाने दाबली तर पुन्हा वर येणारी. उकडा तांदूळ आणि उडदाची डाळ वेगवेगळी भिजवायची, दगडी रगड्यावर वाटायची, रात्रभर आंबू द्यायची. एवढी मेहनत त्या दोन इडल्यांमागे असे. आईने घरी पाट्यावर वाटून पाहिल्या. चव आली, पण तो हलकेपणा काही आला नाही. बाबांना रसमवडा आवडे. आम्ही मुले मैसूर मसाला डोशावर टपलेलो. आतून लाल चटणी फासलेली, तिखटाने नाक वाहायचे, तरी कोणी हात आखडता घेत नसे. सांबार पुन्हा मागितले तरी कोणी कपाळाला आठी घालत नसे.

शेवटी कॉफी, एक कप दोघांत. पितळी फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेला काढा, त्यात गरम दूध आणि साखर. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून ओतली की वर फेस येतो आणि पिण्याजोगी निवतेही. आमच्या घरी चहाच. म्हणून कॉफी म्हणजे आम्हांला सणच वाटे.

या न्याहारीचे बाबांना एवढे अप्रूप का, हे आम्हांला फार उशिरा कळले. त्यांच्या गावच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी वेगळी असे, वळचणीला खोचलेली. आपणच काढायची, चहा वरून ओतला जाई, बाहेर उकिडवे बसून प्यायचा आणि आपणच विसळून ठेवायची. त्या माणसाला माटुंग्यात संगमरवरी टेबलावर, सर्वांच्या ताटलीत, सर्वांच्या पेल्यात खायला मिळत होते. "इथे नाव कोणी विचारत नाही," एवढेच ते म्हणत.

दक्षिणेतही हे सुख आपोआप आलेले नाही. तिकडे कित्येक हॉटेलांत ब्राह्मणांची बसण्याची जागा वेगळी असे. मद्रासमध्ये हॉटेलच्या पाटीवरच्या 'ब्राह्मण' या शब्दाविरुद्ध १९५७ साली पेरियार यांच्या अनुयायांना आंदोलन करावे लागले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाचे कलम १५ वाचून पाहा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. देशाच्या एवढ्या मोठ्या दस्तऐवजात हॉटेलच्या टेबलाची आठवण ठेवली गेली. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते आणि त्यांचे राजगृह या हॉटेलांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बाबा त्याच वाटेने आम्हांला का नेत, याचा अर्थ आता लागतो.

आता गिरण्या गेल्या, बाबाही गेले. चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. माटुंग्याच्या हॉटेलांपुढे रविवारी रांग असते, मोटारीतून माणसे येतात. पण टेबल अजून अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावे लागते. हे आम्हांला फार बरे वाटते.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि राजगृहावर बाहेरगावची पुष्कळ कुटुंबे येतात. सवड असेल तर पुढे माटुंग्यापर्यंत पाय मोकळे करा. घरातल्या म्हाताऱ्यांना बरोबर न्या, त्यांना आधी बसवा. इडली येईपर्यंत त्यांना त्यांच्या गावच्या हॉटेलाविषयी विचारा. मुलांना ते ऐकू द्या.