गो आणि नो-गो

आमचे नाना एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. इंग्रजी बेताचेच, पण 'रिवर्क', 'स्क्रॅप', 'टॉलरन्स' हे शब्द आमच्या घरात मीठमिरचीसारखे रुळलेले. प्लग गेज कसे लावतात, हे ते चुलीजवळची फुंकणी हाती घेऊन समजावीत. 'गो' टोक भोकात सहज गेले पाहिजे, 'नो-गो' जाता कामा नये. भोक लहान राहिले तर रिवर्क. मोठे झाले की स्क्रॅप. काढलेले लोखंड परत थोडेच चिकटते!

शेजारचे काका तिथेच लेथवर होते. दिवाळीच्या तोंडावर त्यांचे चाळीस बुश नानांनी स्क्रॅप केले.

"नाना, केसभर तर जास्त आहे!"

"केस फार जाड असतो, बाबा."

खरेच होते ते. टॉलरन्स ०.०२ मिलिमीटरचा, केस त्याच्या दुपटीतिपटीने जाड.

त्या वर्षी काकांकडून फराळ आला नाही. आईने धाडलेले ताटही झाकलेलेच परत आले.

रात्री नानांनी मला विचारले, "टॉलरन्सला मराठीत काय रे म्हणतात?"

मी शब्दकोश उघडला. "सहनशीलता."

नाना काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी वहाणा पायांत सरकवल्या आणि ते ताट स्वतः उचलले.