अनमलईच्या रानातून मोटारीने

नाताळच्या सुटीसाठी नकाशा पसरला, की आमची मंडळी लगेच किलोमीटर मोजू लागतात. तामिळनाडूतल्या अनमलईच्या वर्षावनात हा हिशेब लागू नाही.

पोल्लाचीहून निघाले, की आळियार धरणापाशी घाट लागतो. तब्बल 40 अवघड वळणे! वर वालपराई. इंग्रजी अमदानीत इथले रान चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी तोडले गेले. मधूनमधून त्याचे तुकडे तेवढे उरले. त्यांत सिंहपुच्छ वानरे राहतात. पश्चिम घाटाबाहेर ती रानात कुठेच नाहीत. या तुकड्यातून त्या तुकड्यात जाताना बिचारी मोटारींखाली सापडतात. म्हणून रस्त्यावर झाडाला झाड जोडणारे पूल टांगले आहेत. पण प्रवाशाने केळे दाखवले, की वानर पूल सोडून खाली उतरणारच. तेव्हा चिवड्याचा डबा गाडीतच बंद, हे मी मुलांना आताच बजावले आहे.

दुसरा दिवस वालपराईतच, सावकाश. तिसऱ्या दिवशी मलक्कपारामार्गे केरळात उतरायचे. त्या रस्त्यावर वनखात्याची नाकी संध्याकाळी बंद होतात. म्हणून टाकी आदल्या रात्रीच भरायची आणि सकाळीच निघायचे. खाली अतिरप्पिळ्ळीचा धबधबा आहेच. मात्र सौभाग्यवतींची तिथे दुपारीच पोचण्याची घाई अजून मिटलेली नाही.