वैशाखातला तिकोना

वाळवंटातला डोंगर पाहायचा तर राजस्थान गाठायला हवे, अशी माझी समजूत होती. परंदवडीच्या आप्पांच्या नातीने ती मोडली. पोर यंदा दहावीत जाणार. भूगोलाच्या पुस्तकातले उघड्याबोडक्या डोंगराचे चित्र माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "काका, हा तर आपला उन्हाळ्यातला तिकोना!" मी हसलो खरा, पण घरी येताना तेच डोक्यात घोळत राहिले. जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस होतो. आमच्या लोणावळ्याला आषाढातल्या एखाद्या दिवसातच तेवढा कोसळल्याच्या नोंदी आहेत आणि वर्षाची सरासरी चार हजारांच्या पुढे जाते. असे असून चैत्र-वैशाखात मावळातले डोंगर त्या चित्रासारखे दिसतात आणि खालच्या वाड्यांवर बायका हंडा घेऊन उभ्या राहतात. हे कसे?

आणखीही एक कारण होते, ते सांगून टाकतो. परंदवडीला आप्पांचा दोन एकर मुरमाड माळ आहे. द्रुतगती मार्ग झाल्यापासून या भागात जमिनीला भाव आला, माळालासुद्धा. आप्पांच्या दोन्ही मुलांना तो विकायचा आहे. आप्पांचे मन होत नाही. दहा वर्षांपूर्वी माझ्याच सांगण्यावरून त्यांनी त्या माळावर आंब्याची साठ कलमे लावली होती. खड्डे झाले, शेणखत पडले, दोन उन्हाळे म्हातारीने डोक्यावरून पाणी आणून घातले. तिसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या डोंगरावरून वणवा आला आणि एका दुपारीत सगळे संपले. "साठ कलमे, जिवंत" अशी माझ्या सहीची नोंद तेव्हा कागदावर होती. आप्पांनी मला कधी शब्दाने बोल लावला नाही. पण त्या माळाजवळून जाताना मी अजूनही मोटारसायकल हळू करत नाही.

तर गेल्या वैशाखात, पावसाला महिनाही उरला नसताना, आम्ही तिघे निघालो. पहाटे चार वाजता. ज्यांना उन्हाळ्यात डोंगर चढायचा आहे त्यांनी वेळेच्या बाबतीत हट्टी असावे. सिनाईच्या वाळवंटात २,२८५ मीटर उंचीचा एक डोंगर आहे, तिथेही भाविक रात्रीच चढायला लागतात आणि सूर्योदय माथ्यावर पाहतात. ऊन हे सगळीकडे ऊनच. माणशी तीन लिटर पाणी, पिठले-भाकरी, कांदा, मीठ-साखरेची पुडी आणि डोक्याला उपरणे, एवढे सामान. आप्पांच्या पुतण्याने जीपने कामशेतवरून पवनानगर आणि पुढे तिकोनापेठेला सोडले तेव्हा नुकते फटफटत होते.

तिकोना समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० फूट. नावाप्रमाणे तीन कोनांचा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांकडे गेले त्यांत हा होता, शेजारचे तुंग, लोहगड आणि विसापूरही होते. इतिहास मी इथेच थांबवतो, तो सांगणारे पुष्कळ आहेत. मला डोंगराची माती बघायची होती.

ती दिसलीच नाही, असे म्हटले तरी चालेल. वाट सोंडेवरून चढते. दोन्ही अंगांना कुसळी गवत, अर्धे कापून नेलेले आणि अर्धे जळून काळे पडलेले. पाय टाकला की राख उडत होती. मधूनच निवडुंग, करवंदीच्या जाळ्या आणि पाने झडलेली सावर. करवंदे पिकली होती, तेवढाच काय तो डोंगराचा पाहुणचार. नातीने ओंजळभर तोडली आणि आजोबांना आधी दिली.

"आप्पा, हे कोण जाळतं?" मी विचारले. उत्तर मला ठाऊक होते.

"कोन म्हून सांगावं साहेब. गवत चांगलं फुटतं म्हनत्यात. आमच्या बापानंबी लावलाय."

गवत फुटते हे खोटे नाही. काळ्या जमिनीवर पहिल्या सरीला हिरवे कोंब लवकर दिसतात. पण त्याच सरीला उघडी पडलेली माती खाली पळते आणि पुढच्या वर्षी कोंबाला धरायला माती कमी असते. शिवाय मावळातली दुसरी गोष्ट म्हणजे राब. भाताची रोपे टाकायची जागा भाजण्यासाठी डोंगरातल्या झाडांचे टहाळ तोडायचे, शेणासकट पसरायचे आणि पेटवायचे. पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. डोंगर बोडका होण्यात राबाचा वाटा मोठा. माझी उमेद या प्रचारात गेली की राब भाजू नका, बांधावर गिरिपुष्प लावा, त्याचा पाला चिखलात गाडा. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातात हे एक सूत्रच आहे. ऐकणारे ऐकतात. आप्पांच्या बांधावर गिरिपुष्प आहे, हे इथे मुद्दाम लिहितो.

वाटेत एक मोठा मारुती लागतो, राक्षसी पायाखाली चिरडून हात उगारलेला. आप्पांनी वहाणा काढल्या, नारळ वाढवला. पुढे चुन्याचा घाणा आहे. दगडाचे चाक आणि वर्तुळाकार चर पाहून पोरीला उसाचा घाणाच वाटला. त्याच अंगाला तळजाईचे लेणे आणि त्याच्यापुढे पाण्याचे टाके.

तिथे आम्ही तिघेही गप्प झालो. वैशाखातले आठ वाजलेले, पाठीला चटका बसायला लागलेला, मागे राखेचा डोंगर, आणि समोर पाणी. हिरवट, गार, भरपूर. खाली वाडीत टँकरची वाट पाहणारे लोक आहेत आणि इथे कातळात पाणी उभे आहे.

"हे वर कसं ऱ्हातं काका? आपल्या माळावर का नाही?"

पोरीने नेमके बोट ठेवले. आमचा सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, एकावर एक रचलेला. काही थर घट्ट, काळा पाषाण. काही भोकाभोकांचे, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्यात आणि मुरमात पाणी मुरते, काळ्या पाषाणावर आले की अडते आणि जागा मिळेल तिथून झिरपते. टाकी खोदणाऱ्यांनी ही जागा ओळखली. घट्ट कातळ पाहून खोदले, वरच्या उताराचे पाणी त्यात वळवले आणि पाझर असेल तर तोही धरला. त्यांच्याकडे पंप नव्हता, टँकर नव्हता. गडावर माणसे ठेवायची तर पाणी पडेल तिथेच थांबवणे भाग होते.

शेवटचा चढ पायऱ्यांचा. एकेक पायरी गुडघ्याएवढी आणि उभी. माझ्या गुडघ्यांनी इथे जाब विचारला. दोनदा बसलो. आप्पा माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, ते वर उभे राहून म्हणतात, "या साहेब, सावकाश, घाई न्हाई." मीठ-साखरेचे पाणी पोटात गेले तेव्हा पुढे सरलो. ज्यांना रक्तदाब वा छातीचे दुखणे आहे त्यांनी लेण्यापाशीच थांबावे, टाके पाहूनही येणे वाया जात नाही.

माथ्यावर महादेवाचे देऊळ आहे. त्याच्या सावलीत भाकरी सोडली. समोर तुंगाचा सुळका, पलीकडे लोहगड-विसापूर आणि खाली पवनेचा जलाशय. एवढे पाणी, आणि काठाला लागूनच तपकिरी डोंगर. या पाण्याखाली कोणाकोणाची भाताची खाचरे गेली ते आप्पा बोटाने दाखवत होते. याच पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बौरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, गोळीबारात तीन जीव गेले. आप्पांनी बौरचे नाव घेतले आणि थांबले. मीही पुढे काही विचारले नाही.

मग मी पोरीला वहीत एक गणित घातले. एका एकरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? तिने काडीने दगडावर आकडे मांडले. चाळीस हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. तुमच्या दोन एकरांवर आठ. आणि तोही एकाच चांगल्या सरीचा. आप्पांनी दोनदा विचारले, "आठ? नक्की?" पोरीने पुन्हा करून दाखवले.

"मग ते जातं कुठं?"

"तुमच्या माळावरून ओढ्यात, ओढ्यातून पवनेत."

तेव्हा मी मनातले बोललो. कलमे लावली तेव्हा मी खड्डे मोजले, पाणी मोजले नाही. आधी उताराला आडवे, समपातळीवर चर पाडायला हवे होते, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल, निघालेली माती खालच्या अंगाला. पहिली दोन वर्षे नुसते गवत आणि गिरिपुष्प धरून माती थांबवायची होती. आंबा त्यानंतर. आणि वरच्या कडेला दहा फुटांची जाळरेषा, दर माघात गवत काढून साफ केलेली. ती मी सांगितलीच नव्हती. हेही सांगितले की एवढे करूनही माळाला विक्रीएवढा पैसा येणार नाही, आणि पोरांचे म्हणणे अगदीच चूक नाही. आप्पांनी सगळे ऐकून घेतले. तंबाखू मळली. "म्हातारीनं पानी घातलं व्हतं," एवढेच म्हणाले.

दहाच्या आत उतरायला लागलो. अकराला पायथ्याशी आलो तर कातळावर हात ठेववत नव्हता. परतीच्या वाटेवर कामशेतपर्यंत कोणी बोलले नाही. पोर झोपली होती, मुठीत दोन करवंदे.

परंदवडीला घरापाशी उतरताना आप्पांनी मला थांबवले.

"साहेब, चराची रेघ आखायचं तुमचं ते तिकाटनं, अजून हाय का?"

"आहे. ओळंब्याची दोरी कुजली असेल तेवढी."

"दोरी माझ्याकडं हाय," आप्पा म्हणाले. "पोरांशी आज बोलतो. तुम्ही ऐतवारी या."