बावड्याच्या घाटमाथ्यावर आज्ञापत्र

कोल्हापुरातून फुलेवाडी ओलांडली की रस्ता पश्चिमेला लागतो. बालिंग्यापासून दोन्ही अंगांना ऊसच ऊस. कळे, साळवण, असळज अशी गावं मागे पडतात, तसतसा ऊस विरळ होतो, भाताची खाचरं दिसू लागतात, घरांची छपरं जास्त उतरती होतात. 55 किलोमीटरांत हवा पार बदलते. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो आणि ऑक्टोबरातही इथले दगड कोरडे झालेले नसतात. गाव संपतं तिथे देशही संपतो. एक वाट करूळ घाटाने वैभववाडीला उतरते, दुसरी भुईबावडा घाटाने खारेपाटणला.

लोक इथे धुक्यासाठी येतात, नाहीतर गगनगिरी महाराजांच्या मठासाठी. मी आलो होतो एका पुस्तकासाठी. माझ्या पिशवीत रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र होतं. बावडा ही याच अमात्यांच्या घराण्याची जहागीर. पंत अमात्य बावडेकरांचा वाडा गावात आहे आणि वर गगनगड आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने हा गड बांधला असं मानतात. तटबंदी आता फारशी उरलेली नाही. 1844 मध्ये कोल्हापूर भागातले गडकरी इंग्रजांविरुद्ध उठले. ते बंड मोडल्यावर इंग्रजांनी या मुलखातले किल्ले निकामी केले, त्यात हाही गेला.

माथ्यावर दर्गा आहे, विठलाईचं देऊळ आहे. तिथल्या एका कातळावर टेकून पुस्तक उघडलं. पूर्वेला कुंभीचं खोरं, पश्चिमेला कोकणात थेट कोसळणारा कडा. दुर्गांचं प्रकरण वाचायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

रामचंद्रपंतांनी शिवाजी महाराजांच्या हाताखाली कारभार शिकला. 1689 मध्ये रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि मागे महाराष्ट्र सांभाळण्याची जबाबदारी 'हुकूमतपनाह' म्हणून पंतांवर आली. खजिना नाही, राजधानी नाही, छत्रपती शेकडो कोसांवर. त्या काळात त्यांनी आणि शंकराजी नारायणांनी राज्य तगवून धरलं. पुढे 1707 मध्ये शाहू महाराज सुटून आले आणि घरातच साताऱ्याची आणि कोल्हापूरची अशा दोन गाद्या झाल्या. 1714 मध्ये पन्हाळ्यावर आणखी एक उलथापालथ झाली. ताराबाई व त्यांचे पुत्र कैदेत गेले आणि राजसबाईंचे संभाजी महाराज गादीवर बसले. आज्ञापत्र याच संभाजी महाराजांच्या काळातलं, 1715च्या सुमाराचं. पंत तेव्हा आयुष्याच्या अखेरीला आले होते.

हे वाचताना मला पुन:पुन्हा आयर्लंड आठवत होतं. 1607 मध्ये तिथले मोठे गेलिक सरदार देश सोडून युरोपात निघून गेले आणि जुनी राजवट मोडली. पंचवीस वर्षांनी डोनेगलच्या मुलखात मीहॉल ओ क्लेरी नावाचा फ्रान्सिस्कन साधू आणि त्याचे सोबती जुनी हस्तलिखितं जमवून बसले आणि 1632 ते 1636 या काळात त्यांनी आयरिश भाषेत आपल्या देशाची बखर रचली. 'चार आचार्यांचा वृत्तांत' म्हणून ती ओळखली जाते. राज्य हातून गेलं होतं. निदान ते कोणाचं आणि कसं होतं हे कागदावर राहावं, एवढी त्यांची धडपड. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या लेखकांनी तोच धागा पुन्हा उचलला. येट्स आणि लेडी ग्रेगरी यांच्या 1902 सालच्या नाटकात आयर्लंड म्हातारीच्या रूपात दारी येते आणि आपली हिरावलेली शेतं मागते. 1916च्या एप्रिलमध्ये डब्लिनमध्ये उठाव झाला. त्याच महिन्यात इकडे बेळगावात लोकमान्य टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, आणि होमरूल हे नावही आयर्लंडच्याच लढ्यातलं.

आपल्याकडेही तेव्हा जुने कागद शोधण्याचा ध्यास होता. सिंग हा आयरिश नाटककार पहिल्यांदा ॲरन बेटांवर लोकांची बोली ऐकायला गेला ते साल 1898. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला तेही 1898. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नसावी. पण परक्या राज्यात राहणाऱ्या समाजाला आपण कोण हे शोधण्यासाठी खेड्यापाड्यांत, माळ्यांवरच्या दप्तरांत जावं लागतं, हे दोघांनाही कळलं होतं.

मात्र आज्ञापत्रात म्हातारी नाही, शोकही नाही. गड बांधण्याआधी पाणी पाहावं, नसेल तर कातळ फोडून टाकी खोदावीत, एकाच झऱ्यावर विसंबू नये. केरकचरा गडाखाली लोटू नये. तो जाळून राख परसात घालावी, भाजीपाला करावा. टोपीकरांना समुद्रकिनारी, खाडीच्या तोंडाशी वखारीला जागा देऊ नये, द्यायचीच तर आत द्यावी. आणि तो सुप्रसिद्ध भाग: आरमारासाठी आंबा-फणसाची लाकडं उपयोगाची, तरी ती झाडं तोडू नयेत, कारण रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेलं झाड धन्याला राजी करून, मोल देऊन मगच घ्यावं. बळजबरी करू नये.

सत्तावीस वर्षं चाललेल्या युद्धातून आणि नंतरच्या भाऊबंदकीतून गेलेला माणूस हे लिहितो, याचं मला फार मोल वाटतं. आपलं राज्य म्हणजे काय, या प्रश्नाला त्याने पाणी, राख आणि फणसाचं झाड दाखवून उत्तर दिलं. शाळेत आपण लढाया पाठ केल्या, हे गद्य मात्र परीक्षेच्या एखाद्या टिपेपुरतं राहिलं. मराठी मुलाला हातात द्यायचं पहिलं ऐतिहासिक पुस्तक कोणतं असं कोणी विचारलं, तर मी हेच सांगेन.

उतरताना भुईबावड्याचा घाट घेतला. खाली खारेपाटण, शिलाहारांच्या 1008च्या ताम्रपटामुळे अभ्यासकांना ठाऊक असलेलं जुनं बंदर. तिथून वाघोटणच्या खाडीने पाणी विजयदुर्गाला जातं. आज्ञापत्राचं आरमाराचं प्रकरण या उतारावर आठवणं साहजिक होतं. पण पंत ते लिहीत होते तेव्हा कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या पक्षाला जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. मराठ्यांचं सर्वांत बळकट आरमार कोल्हापूरच्या हाती राहिलंच नव्हतं. तरी पंतांनी गलबतं, सरदार, वाऱ्याचा अंदाज, लाकूडतोड हे सारं अशा तपशिलाने लिहिलं की साताऱ्याच्या दर्यासारंगालाही त्यातला शब्दन् शब्द उपयोगी पडावा.