मीटरात न आलेले किलोमीटर

"बोलो भिया, कितने पे सेट कर दूँ?"

भंवरकुआंच्या चौकामागच्या गल्लीत, मिस्त्रीच्या दुकानासमोर लाकडी स्टुलावर बसून मी चहा पीत होतो. समोर नानांची चेतक उभी होती. तिच्या हँडलवर नवा डिजिटल मीटर बसला होता आणि त्यावर सहा शून्यं लुकलुकत होती. मिस्त्रीच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. माझ्याजवळ मात्र त्याचं उत्तर नव्हतं.

भंवरकुआं म्हणजे आमचं मोहल्ल्याचं टोक. २०२१ च्या डिसेंबरात चौकाला टंट्या मामांचं नाव दिलं गेलं, पुढे वर उड्डाणपूलही झाला. पण रिक्षावाला अजून "भंवरकुआं, भंवरकुआं" असाच ओरडतो आणि आम्हीही त्याच नावाला हात करतो. एका अंगाला १८९१ सालचं होळकर कॉलेज, खंडवा रोडला युनिव्हर्सिटी, आणि मधल्या गल्ल्यांतून स्पर्धा-परीक्षांच्या क्लासेसची मुलं, पोह्यांच्या गाड्या, झेरॉक्सची दुकानं. आमच्यासारखी जुनी मराठी घरं त्यात आता विखुरलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि मुलांच्या वह्यांत इंग्रजी. सीमेवरच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

नानांनी चेतकसाठी नंबर लावला १९७६ साली आणि गाडी दारात आली १९८३ मध्ये. सात वर्षं वाट पाहिलेल्या वस्तूविषयी माणसाच्या मनात जे असतं, ते नानांच्या मनात त्या स्कूटरविषयी होतं. ते सरकारी कचेरीत हिशेबनीस. गाडीला हार घातला, पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी एका लांबट वहीवर त्यांनी रकाने आखले: तारीख, मीटर, पेट्रोल, पैसे, सरासरी. त्या चेतकला पेट्रोलचा काटा नव्हताच. पेट्रोल संपत आलं की गाडी आचके द्यायची, मग वाकून कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. नानांची गाडी कधी रिझर्व्हवर गेल्याचं मला आठवत नाही. किती किलोमीटर झाले की पंपावर जायचं, हे त्यांना वही सांगायची.

नाना गेले त्याला दोन वर्षं झाली. स्कूटर जिन्याखाली झाकून ठेवली होती. ती चालू करायची, हे आमच्या चिरंजीवांच्या मनाने घेतलं. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. "बाबा, इंजिन चांगलं आहे, फक्त मीटर खराब आहे. आपण डिजिटल लावून टाकू," असं त्याने त्याच्या इंदुरी मराठीत जाहीर केलं. मीटर खराब होता हे खरंच. गाडी चाळीसने चालली असली तरी सुई हिवताप भरल्यासारखी वीस ते साठ थरथरायची. दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवताना गाडी तपासायला न्यावी लागते आणि मीटर चालू असणं १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आवश्यक आहे. तेव्हा काहीतरी करणं भाग होतं.

जुना मीटर उघडला तेव्हा मी प्रथमच आत डोकावलो. पुढच्या चाकापासून एक तारेचा पीळ नळीतून वर हँडलपर्यंत येतो, ती केबल. चाक फिरलं की केबल फिरते आणि मीटरमधलं एक लहान चुंबक फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. पण चुंबक फिरू लागलं की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ती त्याच्या मागे ओढली जाते. केसासारखी एक स्प्रिंग तिला परत खेचते. या ओढाताणीत वाटी जितकी वळेल तितकी सुई वळते, तोच वेग. आकड्यांची चाकं त्याच केबलवर, पण दातेरी चक्रांनी जोडलेली. आमच्या मीटरमधल्या चक्रांचे दाते झिजले होते आणि स्प्रिंगने जीव सोडला होता.

नव्या मीटरला केबलच नाही. पुढच्या चाकाच्या ड्रमवर हरभऱ्याएवढं चुंबक चिकटवायचं आणि शेजारी न फिरणाऱ्या भागावर एक सेन्सर बसवायचा. चुंबक समोरून गेलं की सेन्सर "एक" म्हणतो. चाकाचा घेर सांगून ठेवला की उरलेला गुणाकार मीटर करतो. सांगायला हे सोपं आहे; पण चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीला ते पचवायला चिरंजीवांचे तीन रविवार गेले. मूळ गाडी सहा व्होल्टची, बॅटरीशिवायची. मध्यंतरी इंजिन उघडलं तेव्हा बारा व्होल्टची प्लेट बसवून घेतली होती, म्हणून निभावलं. तरी मॅग्नेटोची वीज उलटसुलट वाहणारी, इंजिनाच्या वेगाबरोबर कमीजास्त होणारी. तिच्यावर मीटर कसला टिकतो! मग ती सरळ करणारा रेक्टिफायर आला, आणि स्टेपनीशेजारी छोटी बॅटरी. हँडलच्या जुन्या खाचेत नवा मीटर बसेना, म्हणून मिस्त्रीने पत्रा कापून, कानशीने घासून त्याला चौकट केली.

चाकाचा घेर काढण्याचा कार्यक्रम गल्लीतच झाला. टायरवर खडूची रेघ ओढली. गाडीवर वजन हवं म्हणून मला बसवलं. वजनाने टायर दबतो आणि घेर थोडा कमी भरतो. चिरंजीवांनी गाडी ढकलली, रेघ पुन्हा जमिनीला टेकली तिथे खूण केली आणि टेप लावला. एकशे तेहतीस सेंटिमीटर. म्हणजे एका किलोमीटरला साडेसातशेच्या वर फेरे. दहा इंची चाकाचं बिचारीचं पाऊलच लहान. क्लासची पोरं पोह्यांच्या बश्या घेऊन भोवती उभी. "अंकल, ये चेतक तो बैटरी वाली आती है ना?" एकाने विचारलं. चूक त्याची नाही. पेट्रोलवरची चेतक बंद होऊन दोन दशकं होत आली आणि २०२० पासून त्याच नावाची विजेवरची स्कूटर रस्त्यावर आहे. तिला डिजिटल मीटर जन्मजातच असतो.

आणि मग तो प्रश्न. या मीटरात सुरुवातीचा आकडा घालण्याची सोय होती. चिरंजीव म्हणाले, "झिरोच राहू द्या. नवीन मीटर, नवीन आकडा." मिस्त्री हसला. जुन्या गाड्यांच्या धंद्यात लोक मीटर मागे करून घेतात आणि सत्तर हजार चाललेली गाडी वीस हजारांची म्हणून विकतात, हे त्याने निर्विकारपणे सांगितलं. "आप तो घर में ही चलाओगे. जो बोलो, डाल देता हूँ."

जुन्या मीटरवर आकडा होता ७१,८४६. तोच घालावा, हे उघड होतं. तरी माझ्या तोंडून तो निघेना. "वही बघून सांगतो," म्हणालो आणि घरी आलो.

का निघेना, ते आता सांगायला हवं. १९८६-८७ साली मी होळकर कॉलेजात होतो. रविवारी रामबागेत मित्राकडे अभ्यासाला जायला नाना गाडी देत. जाऊन-येऊन दहा किलोमीटर. संध्याकाळी ते मीटर बघून वहीत लिहीत, त्यामुळे अकरावा किलोमीटर करण्याची सोय नव्हती. एका पावसाळी रविवारी मित्राने युक्ती दाखवली. चाकाजवळची केबलची नट हाताने ढिली होते. केबल उपसली की सुई शून्यावर आणि आकडे जागच्या जागी. आम्ही रामबागेत केबल काढली, राऊ-महू करत पाताळपाणीला गेलो, धबधबा पाहिला, भुट्टे खाल्ले, रामबागेत परतून केबल लावली, आणि मी घरी आलो. मीटर दहा किलोमीटर पुढे. दोन वर्षांत असे चौदा-पंधरा रविवार झाले. एकदा तर मांडू. पेट्रोलचे पैसे आपण देतो आहोत, तेव्हा चोरी कसली, अशी मी मनाची समजूत घालत असे. खरं तर जेवढं जळलं तेवढं आम्ही कधीच भरलं नाही. खिशात असतील तेवढ्या पैशांचं टाकायचो.

नानांना कळलं नाही, या समजुतीवर मी जवळजवळ चाळीस वर्षं काढली.

वही कपाटात गाडीच्या कागदांबरोबरच होती. एक संपल्यावर दुसरी जोडून शिवलेली. मी १९८६ चा पावसाळा काढला. त्याआधी सरासरीच्या रकान्यात ओळीने बेचाळीस, त्रेचाळीस, त्रेचाळीस. मग एकदम: पेट्रोल ५ लिटर, मीटर १५१, सरासरी ३०. शेजारी पेन्सिलीने, "कार्बोरेटर दाखविणे." दोन ओळी खाली मिस्त्रीला दिलेले पैसे. पुढच्या महिन्यात पुन्हा ३१, आणि "पेट्रोलमध्ये भेसळ? पंप बदलणे." आमच्या घरी तेव्हा आठ आण्यांचाही हिशेब असे. माझ्या धबधब्यापायी नानांनी कार्बोरेटर उघडवला होता आणि नेहमीचा पंप सोडला होता. तिसऱ्या वेळी एकच शब्द होता, खाली रेघ मारलेला: "केबल."

त्यानंतर शेरा नाही. मात्र वहीच्या उजव्या कडेला एक बारीक नवा रकाना सुरू झालेला दिसला, पेन्सिलीचा, शीर्षक नसलेला. पहिला आकडा ६४. मी गणित करून पाहिलं. पाच लिटरला त्रेचाळीसच्या सरासरीने दोनशे पंधरा व्हायला हवेत. मीटरवर दीडशे एक. उरले चौसष्ट. रामबागेहून पाताळपाणी, जाऊन-येऊन. हिशेबनीस माणूस! न मोजलेला आकडाही त्यांनी ताळेबंदातून बाहेर काढला होता, आणि मागे जाऊन आधीच्या ओळींसमोरही लिहिला होता. मांडूच्या आठवड्यापुढे १९० होते. रकाना दोन वर्षं चालला होता आणि जिथे संपला तिथे बेरीज: १,१४०.

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. नाना पेट्रोल भरत सोमवारी, कचेरीत जाताना. "केबल" या शब्दानंतर सगळ्या नोंदींचा वार बदलला होता. शनिवार, शनिवार, शनिवार. महूच्या पुढे त्या काळी सारंच सुनसान. रविवारी टाकी भरलेली असावी, एवढी व्यवस्था करून ते गप्प बसले होते. माझ्याशी या विषयावर ते तेव्हा बोलले नाहीत, माझ्या लग्नानंतर बोलले नाहीत, शेवटच्या दुखण्यात मी रात्री जागवत होतो तेव्हाही बोलले नाहीत. मी सांगेन म्हणून थांबले असतील का, हे आता कोणाला विचारणार?

वही काखोटीला मारून मी गल्लीत परत गेलो. चिरंजीवांना स्टुलावर बसवलं आणि पान दाखवलं. देवनागरी आकडे त्याला जरा अडखळतच येतात. पाच आणि सहा तो निरखून वाचतो. "एक हजार एकशे चाळीस," त्याने बोट ठेवून वाचलं. "हे काय आहे?" मी सांगितलं. मिस्त्री पाना बाजूला ठेवून ऐकत होता. आधी चिरंजीव मोठ्याने हसला; बापाचं असलं काही हाती लागलं की मुलं हसणारच. मग त्याने शनिवारच्या नोंदी एकेक करून पाहिल्या, आणि हसू ओसरलं. बराच वेळ तो वही हातात धरून होता.

"मग किती टाकायचे?" त्याने विचारलं. मीटरचा आकडा खरा, की वहीचा? केबलने जेवढं सांगितलं तेवढंच मीटरने मोजलं. तो खोटं बोलला नाही, पण त्याच्याकडून मी खोटं वदवलं. चाकं पाताळपाणीपर्यंत गेली होती हेही खरंच होतं आणि ते एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं.

"दोन्ही मिळवून," मी म्हणालो.

मिस्त्रीने बटणं दाबून दाबून आकडा चढवला. "पहली बार देखा भिया," तो म्हणाला, "मीटर आगे करवाने वाला." ७२,९८६. चिरंजीवांनी गाडी उजवीकडे कलती केली, सरळ केली आणि किक मारली. मागे बसून मी नवा मीटर पाहत होतो. चौकापर्यंत तो ७२,९८७ झाला.

जुना मीटर पुसून कपाटात वहीशेजारी ठेवला आहे. वहीत बरीच पानं कोरी होती. त्या रात्री मी नानांच्याच रकान्यांत, त्यांच्याच पद्धतीने नोंद केली: "आज मीटर बदलला. जुना मीटर ७१,८४६. त्यात न आलेले १,१४०, माझे. नवीन मीटर आरंभ ७२,९८६." खाली सही केली. सही करायला उशीर झाला आहे, पण हिशेब लागला.

परवा शनिवारी सौ. सांगत होती, मुलगा संध्याकाळी गाडी घेऊन पंपावर गेला होता. रविवारी त्याच्या धाकट्या बहिणीला मैत्रिणीकडे जायला स्कूटर हवी होती. कुठल्या मैत्रिणीकडे, ते मी विचारलं नाही.