हयातीचा दाखला

निवृत्त माणसाला सल्ला द्यायला कसलीही पात्रता लागत नाही. राज्य सरकारच्या नियमाप्रमाणे मला ५८ पूर्ण झाली, गळ्यात हार नि हातात नारळ पडला, आणि दुसऱ्याच दिवसापासून सल्ल्यांची रीघ लागली. कुणी म्हणालं, पेटी शिका. पेटी आणली. आठव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मंडळींनी, "तुम्ही फिरायला का नाही जात?" असं फार कळकळीनं विचारलं. फिरायला गेलो, तर बागेतल्या बाकावर रक्तदाब आणि साखर या दोनच विषयांवर परिसंवाद. ज्याची साखर जास्त, तो अध्यक्ष!

मग घरीच बसलो. पेपर निविदांच्या जाहिरातींसकट वाचून काढला, तरी घड्याळात साडेनऊच. दुपारपर्यंत सात वेळा फ्रिज उघडला. "अहो, त्यात नवीन काही उगवत नाही," सौ. म्हणाली. तिच्या नोकरीला ५८ ची अट नसल्यामुळे कंटाळा यायला तिला सवडच नव्हती.

तसं बघितलं तर ऑफिसात तरी मी काय दिवे लावत होतो? या टेबलावरची फाइल त्या टेबलावर. पण पंधरा मिनिटं उशीर झाला तर, "होतात कुठं?" म्हणून विचारणारं कुणीतरी होतं. वेळ जात नाही ही नुसती तक्रार. आपली कुणी वाट बघत नाही, हे खरं दुखणं.

सरकार मात्र वर्षातून एकदा आठवण काढतं. दर नोव्हेंबरात पेन्शनरानं आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' नावाची संगणकी सोय झाली. आता तर मोबाइलसमोर चेहरा धरायचा आणि डोळे मिचकवायचे. उभ्या जन्मात कुणाकडे बघून डोळा मिचकावला नाही, तो शेवटी सरकारकडे बघून मिचकावला!

त्याच सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा अंगठा यंत्र घेईना. भांडी घासून घासून रेषाच झिजलेल्या. "म्हणजे मी मेले का हो?" त्यांनी हसत विचारलं, पण डोळे हसत नव्हते. यजमानांच्या मागं मिळणारी पेन्शन, तेवढाच आधार. मी माझा मोबाइल काढला. आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक, बँकेचं खातं, सगळं भरलं.

"आजी, आता डोळे मिचकवा."

"इश्श्य! या वयात?"

पण मिचकावले. दाखला आला. आजी त्या मोबाइलकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "चला, अजून आहे म्हणायची मी."

झालं! दुसऱ्या दिवशी दाराशी चार जोड चपला. नोव्हेंबर संपला तरी चपला हटेनात. कुणाला गॅसचा नंबर लावायचा, कुणाला विजेचं बिल भरायचं, कुणाला लांबच्या नातवाचा चेहरा पडद्यावर बघायचा. संध्याकाळी पाचची वेळच ठरून गेली. परवा भाजी घेऊन यायला मला सव्वापाच झाले, तर आजी जिन्यातच उभ्या.

"अहो, होतात कुठं?"

खरं सांगतो, सरकारी दाखला मिळाल्यावर एवढं जिवंत वाटलं नव्हतं.

सौ.चं म्हणणं एवढंच, की आता फ्रिजचं दार जरा जास्त टिकेल.